भिंतीखालून

ग्योतोकु, १६ नोव्हेंबर

बाबा,

एक काम आहे म्हणून लिहिते. +८१ ने सुरू होणाऱ्या एखाद्या अनोळखी नंबरवरून फोन आला, तर कृपया उचला. तो माझ्या कंपनीचा असेल. बोलणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असेल, तेव्हा घाईने ठेवू नका. माझं नाव ऐकू आलं की त्याला सावकाश बोलायला सांगा.

माझा नंबर तुम्ही दोन वर्षं उचललेला नाही. तो उचला असं मी म्हणत नाही. फक्त हा उचला.

कारण सांगते. आतापर्यंत मी गाडीत बसून काम करत होते. जमिनीखालच्या वाहिनीत कॅमेऱ्याचं यंत्र सोडायचं, पडद्यावर काँक्रीट बघायचं, भेगा मोजायच्या. इथून तासाभरावरच्या एका शहरात सांडपाण्याची जुनी मुख्य वाहिनी आहे. दीड मीटर व्यास, रस्त्याखाली नऊ मीटर. तिथे आमचं यंत्र गाळात रुतून बंद पडलं. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या चित्रात छताचं काँक्रीट झिजून आतलं लोखंड उघडं पडलेलं दिसतं. वरून बस जातात. त्यामुळे पुढचा भाग पाहणं टाळता येत नाही आणि आता माणसं उतरणार आहेत. ओकाबे-सान पुढे, मी मागे. ओकाबे-सान, म्हणजे आपल्याकडे ओकाबेजी म्हणू तसे, आमच्या गटाचे प्रमुख. माझा जन्म होण्याआधीपासून ते हे काम करतात.

उतरणाऱ्या प्रत्येकाला घरचा एक नंबर द्यावा लागतो. माझ्याबरोबर राहणारी चारुता म्हणाली, "माझा दे. मी निदान उचलेन तरी." ते खरं आहे. तरी मी तुमचा दिला.

तुम्ही गावात काय सांगता ते मला ठाऊक आहे. उल्का टोकियोत कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी चौदा ऑगस्टला, धोंडजींच्या स्मृतिदिनाला, तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर सगळ्या मंडपाला दाखवलंत. पाहुण्यांनी विचारलं, ताई जपानमध्ये नेमकं काय करता? मी म्हणाले, गटारं तपासते. तुम्ही कॉल बंद केलात. त्यानंतर आपण बोललेलो नाही. चारुता म्हणते, "अगं, 'इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणायचं ना! आमच्या ऑफिसात निम्मे लोक तेच म्हणतात आणि कुणालाच काही कळत नाही." सुचलं असतं तर म्हणालेही असते. पण मला नेमकं विचारलं होतं.

काळजीचं कारण नाही. सगळी साधनं आहेत, नियम कडक आहेत.

एक प्रश्न आहे, उत्तर दिलंत तर बरं. गावच्या कमानीवर धोंडजी दोर दातात धरून पेकिंगची भिंत चढताना कोरले आहेत. खाली तुमची ओळ आहे: परक्या वकिलातींना पडलेला वेढा १९०० साली फोडणारा, भय न जाणणारा वीर. त्यांना खरंच भीती वाटली नव्हती? माझ्या खापरपणजोबांबद्दल मी हे तुम्हालाच विचारू शकते. लहानपणी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आपल्या घरात तो शब्द नाही.

उत्तर हो किंवा नाही, एवढंच पुरेल.

उल्का


ग्योतोकु, ३० नोव्हेंबर

बाबा,

माझं पत्र पोचलं असावं. पोचपावतीवर तुमची सही दिसते.

आज सरावाबद्दल लिहिते. कंपनीच्या आवारात जमिनीखाली एक खोटी वाहिनी बांधलेली आहे. तीच रुंदी, तोच काळोख, फक्त पाणी स्वच्छ. अंगाला पट्टे, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक वर तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या चाकाला. तोंडावर मुखवटा, त्याला वरून येणारी हवेची नळी. छातीवर वायुमापक. कानात आणि ओठांजवळ वायरचा फोन, म्हणजे वरच्या माणसाला आमचं ऐकू येतं.

इथे काम करताना सगळं मोठ्याने बोलायचं असतं. जे बघाल त्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं. ऑक्सिजन एकवीस, ठीक! उजवी भिंत, ठीक! पायाखाली गाळ, सांभाळा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे शाळेतल्या कवायतीसारखं वाटलं होतं.

मी आत गेले आणि काही वेळाने दोर ताणला गेला. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ओकाबे-सान चाकाजवळ उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगा, उल्का-सान. तुम्ही बोलायचं थांबलात."

"सगळं ठीक होतं. मी शांत होते."

"शांत?" ते हसले नाहीत. "खाली गॅस लागलेला माणूस ओरडत नाही. तो गप्प होतो. शांत माणूस आणि मेलेला माणूस, मला वरून दोघे एकसारखेच ऐकू येतात."

तो गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास. थोडा असतो तेव्हा नाक तो पकडतं. खूप असतो तेव्हा नाक मरतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे वास असह्य झाला तर अजून वेळ आहे. वास गेला आणि बरं वाटायला लागलं, तर वेळ नाही. गाळात हा गॅस बुडबुड्यांसारखा अडकून असतो आणि पाय पडला की सुटतो. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आता मी ट्रेनमध्ये बसले आणि शेजारच्याच्या डब्यातला वास येईनासा झाला, तरी मान वर करून श्वास घेते. तोझाई लाइनवर हे बरं दिसत नाही.

मी शांत नव्हते, बाबा. तुम्हाला खोटं सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही उत्तर देत नाही. माझा गळा आवळला होता. तोंड उघडलं तर आवाजाबरोबर आणखी काही बाहेर पडेल असं वाटत होतं. कुत्रं चावलं तेव्हा दवाखान्यात तुम्ही माझा खांदा धरून म्हणाला होतात, धोंडजींच्या घरातली मुलगी रडत नाही. मी चौदा इंजेक्शनं गप्प घेतली. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. तुम्ही ती गोष्ट अजून सांगता, की आता सांगत नाही, ठाऊक नाही.

ओकाबे-सान म्हणाले, पुढच्या सरावातही गप्प झालात तर मी तुम्हाला खाली नेणार नाही. दुसरा माणूस घेईन. तो नवखा आहे, पण बडबड्या आहे.

मला न्यायला नको, असं मला वाटलं. मग माझ्याऐवजी ज्याला उतरावं लागेल त्या नवख्या माणसाचं नाव आठवलं, आणि तसं वाटणं थांबलं.

उल्का


ग्योतोकु, १२ डिसेंबर

बाबा,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणून जयंतीआत्याला फोन केला. तुमच्या पाठीमागे केला असं वाटू नये म्हणून बोलणं जसंच्या तसं लिहिते.

मी विचारलं, "आत्या, धोंडजी ती भिंत चढले होते?"

"कुणी सांगितलं?"

"कमानीवर कोरलंय."

"कमान तुझ्या बापानं बांधली. धोंडजींनी नाही बांधली." मग तिने कुकर बंद केला, कारण शिट्टीत ऐकू येत नव्हतं. "अगं, कसली भिंत नि कसलं काय! चाळीस फूट भिंत ती, वर तोफा. माणूस चढेल की घोरपड?"

"मग आत कसे गेले?"

"तू रोज जातेस तसे."

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "आहेस का? गप्प नको होऊ बाई, मला वाटतं फोन गेला."

आत्याने सांगितलं ते असं. सगळ्या शहराचं घाण पाणी भिंतीखालच्या एका बोगद्यातून बाहेर पडायचं. उन्हाळा, पाणी कमी, गाळ मांडीपर्यंत. बोगद्याला लोखंडी गज होते. साहेबाने ठरवलं, इथून शिरायचं. आतले लोक दोन महिने वेढ्यात होते, खायला घोडे उरले होते, कधी कापले जातील नेम नव्हता. जपानी पलटणी पलीकडच्या दरवाजावर सकाळपासून मरत होत्या. धोंडजी सफरमैनांतले, म्हणजे सुरुंग-खोदकाम करणाऱ्या पलटणीतले. वाट मोकळी करायची ती त्यांनीच. म्हणून पहार देऊन त्यांना पुढे घातलं.

"आणि हे तोंडाशी जाऊन खाली बसले," आत्या म्हणाली. "उठेचनात. ओकले. साहेब ओरडला, हवालदार ओरडला. हे आपले बसलेले."

"घाबरले?"

"नाहीतर काय, दमले? तेवीस-चोवीस वर्षांचं पोर ते."

"मग?"

"मग उठले नि बोंब मारायला लागले. आई गं, मेलो गं, आई गं, धाव गं. अशी मोठ्यानं. बोंबलत बोंबलतच आत शिरले. आत काळोख. मागचे पंजाबी काय, राजपूत काय, कुणाला हात दिसत नव्हता स्वतःचा. ह्यांचा आवाज जिकडं, तिकडं ते चालले. गज लागले तर तिथं उभं राहून पहार घातली. वरून गोळ्या, खाली ती घाण."

"गज काढले?"

"रडत काढले. पण काढले. म्हणून तर पदक मिळालं. पदकावर काय लिहितील, रडला म्हणून?"

मी विचारलं, शिपायांनी चिडवलं असेल ना पुढे. ती म्हणाली, "चिडवतील कशाला? त्याच आवाजामागनं गेले होते की सगळे."

हे तिला तुमच्या आजीने सांगितलं. आजीने सासऱ्यांना हाताने वाढलेलं. ते कधी पंक्तीला बसले नाहीत म्हणे. ताट घेऊन परड्यात जायचे. अंगाला वास येतो म्हणायचे. आजी म्हणायची, मामंजी, आत्ताच तर आंघोळ केलीत, कसला वास? ते म्हणायचे, तुला नाही यायचा.

आणि भिंत? ती त्यांच्या वडिलांनी घातली गोष्टीत. लग्न ठरायचं होतं. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त होतं, भटजीला बोलावून घेतलंही. परक्या शहराच्या गटारात मांडीभर उभं राहिल्याचं प्रायश्चित्त कुठल्या पोथीत नव्हतं. कोण मुलगी देणार? म्हणून वडील म्हणाले, तू वरून गेलास. धोंडजी हो म्हणाले.

शेवटी मी विचारलं, "बाबांना हे माहीत आहे?"

"आम्ही दोघांनी एकत्रच ऐकलं, उल्का. तो लहान होता माझ्याहून, पण त्यालाच जास्त आवडायची ही गोष्ट. पुन्हा सांग म्हणून आजीच्या मागं लागायचा."

तर तुम्हाला ठाऊक आहे. मी कॉलवर जे म्हणाले ते ऐकताना तुम्हाला काय वाटलं असेल, याचा मी दोन दिवस विचार केला. मला वाटलं होतं तुम्हाला माझी लाज वाटली. आता तेवढंच होतं असं वाटत नाही. मी त्यावर आणखी काही म्हणत नाही.

दुसरा सराव झाला. मी बोलले. आवाज फाटत होता, जपानीत चुका होत होत्या, उजव्या भिंतीला डावी म्हणाले. ओकाबे-सानना पुरे वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना धोंडजींचं सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानातला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, अर्धा खाऊन ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा तुमचा घरचाच धंदा आहे."

मी हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. सोमवारी उतरायचं आहे.

आत्या म्हणाली, तुम्ही हल्ली फोन देवघरात ठेवता आणि पूजा करताना मध्येच बघता. हे तिने मला सांगायला नको होतं असं म्हणाली. तेव्हा तुम्हाला मी सांगितलं असं तिला सांगू नका.

उल्का


१५ डिसेंबर

बाबा,

आज उतरलो नाही. वरच्या भागात सरी पडल्या. पाऊस किती का किरकोळ असेना, वाहिनीत पाणी कधी चढेल सांगता येत नाही, म्हणून नियमानं काम रद्द. ओकाबे-सान गाडीतून आकाशाकडे बघून चिडले. शहराने तारीख गाठायला सांगितलं आहे.

मला इतका आनंद झाला की मी घरी येताना स्टेशनवर महागडी स्ट्रॉबेरी घेतली. चारुताला वाटलं काम फत्ते झालं. तिने टाळी दिली. मी टाळी घेतली.

रात्र पडल्यावर तो आनंद गेला. आता शुक्रवार.

उल्का


ग्योतोकु, २३ डिसेंबर

बाबा,

शुक्रवारी काय झालं ते, त्या रात्री तुम्ही फोन केलात तेव्हा, मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत. मी "बरी आहे" म्हणाले आणि ठेवला. ते बरोबर नव्हतं. आता लिहिते.

दुपारी उतरलो. वरच्या बाजूला पाणी अडवून दुसरीकडे वळवलं होतं, तळाशी घोट्याएवढं उरलं होतं. हवा तासभर पंख्याने ढकलली होती. ओकाबे-सान माझ्यापुढे पाच-सहा पावलांवर. त्यांचा दिवा छतावर फिरत होता. छत मी पडद्यावर पाहिलं होतं, पण पडद्यावर ते छत असतं. इथे ते डोक्यावर होतं. ओल्या साखरेसारखं सुटलेलं काँक्रीट, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी. मी कमरेत वाकले होते. मान वर करता येत नव्हती, करायची इच्छाही नव्हती.

आम्ही बोलत होतो. ते म्हणायचे, छत, वाईट. मी म्हणायचे, छत, वाईट, नोंद केली. ते म्हणायचे, गॅस शून्य, ठीक. मी म्हणायचे, शून्य, ठीक. हे लिहिताना मूर्खपणाचं वाटतं. खाली मात्र त्या दोन-दोन शब्दांवर पाय टाकत मी चालत होते.

मग छताचा एक तुकडा पडला. मोठा नव्हता, पाटाएवढा. तो ओकाबे-सानांच्या मागे, त्यांच्या हवेच्या नळीवर पडला. नळी गाळात दाबली गेली आणि गाळ ढवळला. माझ्या छातीवरचं मापक किंचाळायला लागलं. शून्यावरून ते चाळीसवर गेलं, मग नव्वदवर, मग आकडे इतक्या भराभर बदलले की शेवटचा आकडा वाचता आला नाही.

ओकाबे-सान वळले. त्यांनी नळी ओढली, ती सुटेना. त्यांनी मुखवट्यावर हात नेला. का नेला मला माहीत नाही. तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाने तसं करायला नको. पण हवा येत नसली की हात तिकडे जातो. मुखवटा हनुवटीवरून उचलला गेला. मग ते भिंतीला टेकून सावकाश खाली बसले. जणू दमले म्हणून बसले.

ते बोलायचे थांबले.

बाबा, इथे मला तुम्हाला नेमकं सांगायचं आहे. त्या क्षणी मीही गप्प झाले. वरून आमचा माणूस विचारत होता, ओकाबे-सान? उल्का-सान? मला ऐकू येत होतं. माझा मुखवटा नीट होता, हवा येत होती, मला काही झालं नव्हतं. तरी गळा बंद. ती भीती ओकाबे-सान मरतील याची नव्हती. ती माझी होती. मला वाटत होतं, हललं नाही, बोललं नाही, तर छत मला पाहणार नाही.

किती वेळ, ते सांगता येत नाही. मग मी ओरडले.

शब्द सुचले नाहीत. मी मापकावरचे आकडे ओरडले. मराठीत. एकशे साठ, एकशे साठ, एकशे नव्वद, दोनशे. तेच पुन्हा पुन्हा, घसा फुटेपर्यंत. वरच्या माणसाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण नंतर तो म्हणाला, असा आवाज ऐकल्यावर शब्द कशाला हवेत. त्याने चाक फिरवायला घेतलं.

दोर ओकाबे-सानांना ओढत होता, पण ते वळणाशी अडकत होते. मी त्यांच्या पट्ट्याची कडी धरली आणि मागे मागे सरकले. मी सगळी वाट ओरडत होते. आकडे संपल्यावर मी पाढे म्हटले असावेत, असं ध्वनिमुद्रणावरून दिसतं. सतराचा पाढा आहे आणि तो चुकला आहे.

ते जिवंत आहेत. दवाखान्यात आहेत. मला ओळखतात, पण स्वतःच्या मुलीचं नाव आठवायला त्यांना वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात, सुधारेल. किती, ते म्हणत नाहीत.

आम्हा दोघांना अँब्युलन्समध्ये नेलं म्हणून कंपनीने दोघांच्या घरी फोन केले. मला ते नंतर कळलं. तुम्हाला फोन करणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी पहिल्या घंटेला उचलला. बाईंना वाटलं चुकून लागला, कारण समोरून कुणी हॅलोही म्हणालं नाही, फक्त श्वास ऐकू येत होता. त्यांनी तीन वेळा "उल्का-सान ओके" म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, "स्लोली, प्लीज."

उल्का


ग्योतोकु, ११ जानेवारी

बाबा,

त्या शुक्रवारच्या फोनमधल्या तुमच्या एका वाक्याला मी उत्तर दिलेलं नाही. रोज द्यायचं ठरवते. तुम्ही आता रोज संध्याकाळी फोन करता आणि आपण हवा-पाण्याबद्दल बोलतो. तुम्ही विचारता थंडी किती, मी सांगते चार अंश. तुम्ही सांगता गावात यंदा ज्वारी बरी आहे. मग दोघंही शोधतो आणखी काय. ते वाक्य आपण दोघांनीही पुन्हा उच्चारलेलं नाही.

तुम्ही म्हणाला होतात, "परत खाली उतरू नकोस."

मी ते ऐकलं आणि मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तुम्ही पुढे म्हणालात, "कमान गेली खड्ड्यात. त्या पोराला त्या तोंडाशी कुणी म्हणायला नव्हतं, की नको जाऊ. मी म्हणतोय. नको जाऊस, उल्का." तुमचा आवाज मी ओळखला नाही. घरात मी तो कधी ऐकलेला नव्हता. तुम्ही रडत होतात आणि ते लपवत नव्हतात. मी "बरी आहे" म्हणाले आणि फोन ठेवला, कारण पुढच्या क्षणी मी "हो" म्हणाले असते.

आता परिस्थिती सांगते, सगळी.

त्या तुकड्यानंतर शहराने वरचा रस्ता बंद केला आहे. वाहिनीच्या त्या भागावर दुतर्फा घरं आहेत. पहिल्या रांगेतल्या लोकांना शाळेच्या व्यायामशाळेत हलवलं. बाकीच्यांना हलवायचं की नाही, हे उरलेला भाग पाहिल्याशिवाय ठरत नाही. यंत्राने पुन्हा प्रयत्न केला, पडलेल्या काँक्रीटपुढे ते जात नाही. आता दुसऱ्या बाजूच्या तोंडातून शिरायचं आहे. हवेची नळी असणार नाही, पाठीवर टाकी असेल. डोक्यावर पुढे सरकवत न्यायचा लोखंडी आडोसा असेल. गोष्टी सुधारल्या आहेत. मी स्वतः तपासल्या आहेत.

तो भाग आतून पाहिलेली दोनच माणसं आहेत. एक दवाखान्यात आहे. दुसरीला कंपनीने विचारलं, आणि नाही म्हणायची पूर्ण मुभा दिली. कुणी दबाव आणला नाही. आणला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

आज ओकाबे-सानांना भेटले. त्यांची बायको संत्री सोलत होती. मी सांगितलं, मंगळवारी आहे, या वेळी पुढे मी, मागे आपला बडबड्या. ते बराच वेळ खिडकीकडे बघत होते. मला वाटलं विसरले मी काय म्हणाले ते. मग म्हणाले, "घाबरलात?"

मी म्हणाले, हो.

"किती?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खरं सांगितलं. अन्न खाली उतरत नाही. आंघोळीच्या टबचं झाकण लावता येत नाही. झोपेत हात तोंडाकडे जातो, मुखवटा आहे का बघायला. चारुताने माझ्या खोलीचं दार उघडं ठेवायचं ठरवलं आहे आणि ती पलीकडून मुद्दाम मोठ्याने फोनवर बोलते. ओकाबे-सानांनी सगळं ऐकलं. त्यांच्या बायकोने सोलायचं थांबवलं होतं. मग ते म्हणाले, "मग ठीक आहे. घाबरला नाहीत असं म्हणाला असतात तर मी ऑफिसात फोन केला असता."

तुम्हाला मी हे फोनवर सांगू शकले नाही, कारण तुम्ही एकदा नको म्हणालात तर मी थांबेन. दोनदा म्हणालात तर नक्की थांबेन. म्हणून पत्र. हे टपालाने तुमच्या हाती पडेल तेव्हा मंगळवार होऊन गेलेला असेल. ही लबाडी आहे. मला ठाऊक आहे.

पण उत्तर द्यायचं राहू नये. तुम्ही मला नको जाऊस म्हणालात. आपल्या घरात कुणीतरी कुणाला तरी हे म्हटलं. ते ऐकल्यापासून भीती कमी झालेली नाही, उलट वाढली आहे, कारण आता परत येणं मला जास्त हवं आहे. पूर्वी मी ते केवळ नियम म्हणून पाळत होते.

उद्या सुट्टी आहे. संध्याकाळी तुमचा फोन येईल. तुम्ही थंडी विचाराल, मी अंश सांगेन.

येते, बाबा.

उल्का